गड्ड्याची गर्दी संगणकात उभी करायची आहे: ठिपक्यांना माणसासारखं वागायला कसं शिकवू?

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या, गर्दीचं सिम्युलेशन घेतलंय. दोन प्रसंग निवडलेत. पहिला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. लोक तासन्‌तास आधी येऊन दाटीने उभे राहतात, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम'चा गजर झाला की अक्षता पडतात. दुसरा होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. शेवटचा बाण विझला की अख्खं मैदान एकाच वेळी घराकडे निघतं.

नेटलोगो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरते आहे. त्यात एक माणूस म्हणजे एक ठिपका, आणि प्रत्येक ठिपक्याला आपण नियम द्यायचे. क्रेग रेनॉल्ड्सने १९८६ मध्ये पक्ष्यांच्या थव्यासाठी फक्त तीन नियम लिहिले होते: शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी ज्या दिशेला चाललेत तिकडे वळ, आणि थव्याच्या मध्याकडे सरक. एवढ्यावर पडद्यावर हुबेहूब थवा उडतो. माणसांसाठी डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये 'सोशल फोर्स' मॉडेल मांडलं. त्यात प्रत्येकाला आपल्या ठिकाणाची ओढ असते, आणि भिंती व इतर माणसं त्याला थोडी दूर रेटतात. हे सगळं माझ्याकडे चालतंय. दाराशी अर्धवर्तुळात साचणारी गर्दी दिसते, समोरासमोर येणाऱ्यांच्या आपोआप पडणाऱ्या रांगाही दिसतात.

पण पडद्याकडे बघून कुणी म्हणणार नाही की हा गड्डा आहे. प्रत्येक ठिपका एकटा आलाय, त्याला फक्त कुठंतरी पोचायचंय. म्हणून इथे विचारते आहे. गर्दीत तुम्ही नेमकं काय करता? कुणाकडे बघून वळता, कुठे थांबता, केव्हा परत फिरता? अगदी बारीक सवय असली तरी सांगा.

बाळीवेस_बॉय

पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात. हा पहिला नियम लिहून घे ताई. यात्रेला आलेला प्रत्येक सोलापूरकर पाळतो.

काठीमागचा

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं मिरवणुकीत स्वयंसेवक म्हणून उभा राहतोय.

सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, एकामागून एक येतात. काठी तोलणाऱ्याचं सगळं लक्ष वर, तोल कुठं जातोय त्यावर. खाली कोण आलं, कोण आडवं गेलं हे त्याला दिसत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी जागा करायचं काम गर्दी करते. आणि ती आम्ही ढकलल्यावर करत नाही, आधीच करते. काठीचा शेंडा लांबून दिसतो. शेंडा कोपऱ्यावर आला, की इथली माणसं न सांगता अर्धं पाऊल मागे सरकतात. शेंडा पुढे गेला की तीच माणसं दुप्पट जोराने पुढे येतात, कारण प्रत्येकाला काठीला हात लावायचा असतो. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा पुकारा झाला की हात वर जातात आणि तेवढा वेळ पाय थांबतात. तुझ्या ठिपक्यांना शेजारचा ठिपका दिसतो. आमच्या गर्दीला लांबचं दिसतं आणि ऐकूही येतं. हा फरक घातल्याशिवाय गड्डा होणार नाही.

दुसरी गोष्ट कोंडीची. अरुंद वाटेवर कोंडी कशाने होते हे मी शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलंय. बाप पुढे, मधे दोन पोरं, मागे आई, सगळ्यांनी एकमेकांचे हात धरलेले. अशी साखळी वाटेत तिरकी झाली की मागचा माणूस ती तोडून जात नाही. थांबतो. आणि बाप? दर दहा-पंधरा पावलांवर मान वळवून बघतो. बघताना त्याचा वेग शून्य. वळणावर तर हमखास थांबतो, कारण वळल्यावर मागचे दिसेनासे होतात. कोपऱ्यावर माणूस थांबतो तो वाट चुकली म्हणून नव्हे, आपलं माणूस मागे राहिलं म्हणून.

अनामिक_जुळे_सोलापूर

+१. माझी आई तर वळणाच्या अलीकडेच थांबते.

पुण्यात_अडकलेला

काठीमागचा, तुम्ही जे लिहिलंत ते फ्रान्समध्ये तुलूझ शहरात कॅमेरे लावून मोजलंय. मेहदी मुसाईद आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास आहे. रस्त्यावरच्या गर्दीतली ७० टक्क्यांपर्यंत माणसं एकटी नसतात, दोघं-तिघं-चौघं मिळून चाललेली असतात असं त्यांना दिसलं. जागा मोकळी असेल तर असा गट एका ओळीत शेजारी शेजारी चालतो. दाटी वाढली की मधला थोडा मागे पडतो आणि कडेचे दोघं पुढे. वरून बघितलं तर उलटा बाण. गंमत अशी की हा आकार चालायला गैरसोयीचा आहे, कारण टोक मागच्या बाजूला येतं. तरी लोक तो सोडत नाहीत, कारण त्यात सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात आणि बोलता येतं. एकटं चालणाऱ्यांपेक्षा असे गट हळू चालतात, म्हणजे सगळ्या गर्दीचा वेग त्यांच्यावर ठरतो.

तेव्हा तळ्याकाठची, पहिला बदल मी हा सुचवेन: ठिपके एकेकटे जन्माला घालू नकोस, कुटुंबच्या कुटुंब जन्माला घाल.

आणखी एक, हा खास आपल्यासाठी. उज्ज्वल चटराज, आर्मिन सायफ्रीड आणि पार्थ चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये भारतीय आणि जर्मन लोकांना एकेरी ओळीत, ठरावीक वाटेवर चालायला लावून मोजमाप केलं. दाटी वाढली की जर्मनांचा वेग जितका घसरतो तितका भारतीयांचा घसरत नाही. आपल्याला पुढच्याच्या पाठीला जवळजवळ टेकून चालायची सवय आहे. म्हणजे युरोपात मोजलेले आकडे उचलून होम मैदानावर लावलेस तर उत्तर चुकणार.

बाळीवेस_बॉय

सिटी बसच्या दारात उभा राहून शिकलेली विद्या अशी कामाला आली म्हणायची!

समाजशास्त्र_निवृत्त

चर्चा चांगली चालली आहे, पण माझा एक मूलभूत आक्षेप आहे. माणसाला रेटा आणि ओढ यांत बसवलं की तो कण होतो. मग कण घाबरले, कण पळाले, कण चेंगरले अशी भाषा आपोआप येते. गर्दी म्हणजे बुद्धी हरवलेला जमाव, हा विचार गुस्ताव ल बॉनने १८९५ मध्ये मांडला आणि तो आजही वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जिवंत आहे. 'अफवेने लोक सैरावैरा धावले' असं छापून आलं की विषय संपतो, जबाबदारी मेलेल्यांवर जाते.

जॉन ड्रुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ जुलै २००५ च्या लंडनमधल्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांचे अनुभव अभ्यासले. अंधारात, धुरात अडकलेली ती अनोळखी माणसं एकमेकांना धीर देत होती, पाणी देत होती, जखमींना सोडून पळत नव्हती. एकत्र संकटात सापडल्यावर 'आपण सगळे' ही जाणीव तयार होते. अक्षता सोहळ्यात ती जाणीव संकटाशिवायच असते. पुढच्याच्या खांद्यावरचं पोर मागचा माणूस सांभाळतो. हे ज्या मॉडेलमध्ये नाही, ते मॉडेल माणसांचं नाही.

२९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर २३ माणसं गेली. पाऊस होता, पूल अरुंद, उतरणारे अडले आणि मागून येणारे वाढत गेले. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीला जवळपास तीनशे बळी गेले. अशा ठिकाणी वाट किती रुंद होती आणि माणसं किती होती हे आधी विचारा. माणसांचं डोकं फिरलं होतं का, हा प्रश्न शेवटचा.

पुण्यात_अडकलेला

सर, तुमचा मुद्दा मान्य, पण कणांची बाजूही ऐका. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असतील तर प्रत्येकजण आपल्या मनाने चालतो. तिथे तुमचं समाजशास्त्र लागतं. सहा-सातच्या पुढे गेलं की पाय कुठे टाकायचा हे माणसाच्या हातात राहत नाही, रेटा अंगातून अंगात जातो. तिथे पदार्थविज्ञानच लागतं. हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी २००६ च्या हज यात्रेत मिना इथे झालेल्या दुर्घटनेचं चित्रण तपासलं. गर्दी आधी सलग वाहत होती. मग थांबत-चालत अशा लाटा उठल्या. मग सगळ्या दिशांनी हेलकावे सुरू झाले आणि माणसं पडली. या टप्प्यांत कुणी घाबरलं म्हणून काही सुरू झालं नाही, दाटी वाढली म्हणून झालं. तुम्ही म्हणता तेच कणांचं गणितही सांगतंय.

त्यांचाच २०००चा आणखी एक निष्कर्ष आहे. दाराकडे सगळे जास्त घाईने निघाले तर खोली उशिरा रिकामी होते, कारण दाराशी माणसं एकमेकांत अडकतात.

समाजशास्त्र_निवृत्त

हे पटलं. फक्त एक सावधगिरी. ती मुलगी जेव्हा आपलं सिम्युलेशन दाखवेल तेव्हा त्यात 'घबराट' नावाचं बटण नसावं. 'वाटेची रुंदी' नावाचं असावं.

चादरवाला

लै भारी धागा आहे बे. मी पूर्वभागातला, शिक्षण बेतास बात, पण विषय कळला. गर्दी फक्त यात्रेत नसते की. बंद पुकारला की नवी पेठेत काय होतं बघा. सकाळी सगळे शटर अर्धं वर करून उभे. कुणाचंच ठरलेलं नसतं. एकजण समोरच्याकडे बघतो, समोरचा कोपऱ्यावरच्याकडे बघतो. कोपऱ्यावरच्याने खाली ओढलं की खडखडखड सगळी ओळ खाली. एखाद्या बंदला मात्र कोपऱ्यावरचा पेटी उघडून बसला की पाच मिनिटांत सगळा बाजार चालू. दुकानदार तेच, कारण तेच, निकाल उलटा. हे संगणक सांगू शकतो का?

समाजशास्त्र_निवृत्त

चादरवाला, तुमचं निरीक्षण म्हणजे मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७८ चा सिद्धान्त आहे. प्रत्येकाचा एक उंबरठा असतो: आधी किती जणांनी केलं की मी करीन. शंभर माणसं धरा. पहिल्याचा उंबरठा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं शेवटच्याचा नव्याण्णव. पहिला सुरू करतो, त्याच्याकडे बघून दुसरा, दोघांकडे बघून तिसरा, शंभरच्या शंभर सामील. आता एकच बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा. पहिला सुरू करतो आणि तिथेच संपतं. बाकी अठ्ठ्याण्णव माणसं जशीच्या तशी आहेत, पण बाहेरून बघणारा म्हणेल 'इथली माणसं थंड आहेत'. निकालावरून माणसांचा स्वभाव ठरवू नये, हे शिकवणारं इतकं सोपं गणित मी दुसरं पाहिलेलं नाही.

तळ्याकाठची, मैदान सोडण्यालाही हे लावून बघ. दारूकाम संपायच्या आधी निघणारे काही असतात. ते उठले की शेजारचे उठतात.

तळ्याकाठची

सर, हे आजच लिहून बघते. काठीमागचा काका, मान वळवून बघण्याचा नियम तर सोनं आहे. मी वाचलेल्या कुठल्याच मॉडेलमध्ये हा नव्हता.

पिक्सेल_पोरगा

सगळे जुने नियम सांगतायत म्हणून नवीन सांगतो. 'द सिम्स' हा २०००चा गेम बऱ्याच जणांनी खेळला असेल. त्यातल्या माणसांना भूक, झोप, करमणूक, गप्पा अशा गरजा असतात, आणि घरातली प्रत्येक वस्तू 'मी तुझी अमुक गरज भागवते' असं सांगत असते. माणूस सगळ्यात फायद्याच्या वस्तूकडे जातो. गड्ड्यात हेच करता येईल. पाळणा पोरांना ओढतो, मौत का कुआँ मोठ्यांना, खाण्याच्या गाड्या सगळ्यांना.

आणि २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गूगलच्या लोकांनी याच्या पुढची पायरी केली. स्मॉलव्हिल नावाचं छोटं गाव, त्यात २५ माणसं, प्रत्येकाच्या डोक्यात चॅटजीपीटीमागचं भाषा-मॉडेल. प्रत्येकाला आठवणींची वही. काय करायचं ठरवताना ताज्या, महत्त्वाच्या आणि प्रसंगाशी जुळणाऱ्या आठवणी वर काढायच्या, आणि मधून मधून त्या आठवणींवर विचार करून निष्कर्ष लिहायचे. एकीला फक्त एवढंच सांगितलं की तुला व्हॅलेंटाईनची पार्टी द्यायची आहे. तिने बोलावणी केली, एकाने दुसऱ्याला सांगितलं, करत करत बातमी तिच्यासकट १३ जणांपर्यंत गेली. बोलावलेल्या १२ पैकी ५ जण वेळेवर हजर. हे कुणी कोडमध्ये लिहिलेलं नव्हतं!

मग ठिपक्यांना नियम देत बसण्यापेक्षा सरळ हे का नको?

बाळीवेस_बॉय

बारा बोलावले आणि पाच आले? मग त्या वस्तीत सोलापूरचं कुणी नव्हतं. आमच्याकडे बारा बोलावले की चाळीस जेवतात.

पुण्यात_अडकलेला

हसलो :) पण त्या प्रयोगातल्या चुका जास्त शिकवणाऱ्या आहेत. दुकान बंद झाल्यावरही काही माणसं आत शिरत होती. वसतिगृहातलं न्हाणीघर एकावेळी एकासाठी होतं, तरी दुसरा बिनधास्त आत, कारण 'वसतिगृहाचं न्हाणीघर' म्हटल्यावर त्यांनी मोठं, सामायिक गृहीत धरलं. आणि सगळे एकमेकांशी गरजेपेक्षा जास्त सौजन्याने बोलत. नकार तर ते क्वचितच देत. म्हणजे जे लिहून ठेवलं जातं ते त्यांना येतं. जे आपण कधीच लिहीत नाही, नुसतं करतो, ते येत नाही.

खर्चाचाही प्रश्न आहे. २५ माणसांचे दोन दिवस चालवायला त्यांना हजारो डॉलर लागले. मैदानातल्या गर्दीतल्या प्रत्येकाला पावलापावलाला असा विचार करायला लावणं कॉलेजच्या प्रकल्पात शक्य नाही, आणि गरजही नाही. रेट्यात सापडलेला माणूस आठवणी काढत बसत नाही.

त्याच गटातल्या लोकांनी २०२४ मध्ये वेगळं काम केलं. १,०५२ माणसांच्या प्रत्येकी दोन तासांच्या मुलाखती घेतल्या आणि प्रत्येकाची संगणकी प्रतिकृती बनवली. सर्वेक्षणातले प्रश्न विचारल्यावर, ती माणसं स्वतः दोन आठवड्यांनी आपल्याच आधीच्या उत्तरांशी जितकी जुळली, त्याच्या ८५ टक्के इतकी त्यांची प्रतिकृती जुळली. मुलाखत घेतली म्हणून हे जमलं. या धाग्यावर तू तेच करते आहेस.

डॉक्टरीणबाई

वाचते आहे, आवडतंय. कोविडच्या काळात या विषयाचा उपयोग जवळून पाहिला म्हणून लिहिते. बंगळुरूची आयआयएससी आणि मुंबईची टीआयएफआर या दोन विज्ञान संशोधन संस्थांनी मिळून २०२० मध्ये अख्ख्या शहराचं असं सिम्युलेशन केलं होतं, बंगळुरूचं आणि मुंबईचं. त्यात माणसांना घर, शाळा, कामाची जागा आणि वस्ती दिलेली. कोण कुणाला किती वेळ भेटतो यावरून आजार पसरतो. आमच्यासारख्यांना त्यातून कळलं ते हे की कुणीही सरासरी माणूस नसतो. एकाच खोलीत सातजण राहणारा आणि तिघांत चार खोल्या असणारा यांना एकच नियम लावला तर आकडे खोटे येतात. गर्दीतही तसंच. म्हातारा, गरोदर बाई, काखेत पोर असलेली आई, बारावीतला मुलगा यांचे वेग आणि थकवे वेगळे ठेव.

चादरवाला

एक शंका. समाजशास्त्रवाले सर, तुम्ही मागे दुसऱ्या एका धाग्यावर नाणी आणि पटाचं काहीतरी सांगितलं होतं, वस्त्या वेगळ्या कशा होतात ते. ते इथं बसतं का?

समाजशास्त्र_निवृत्त

ते थॉमस शेलिंग. अर्थशास्त्राचं नोबेल २००५ मध्ये रॉबर्ट ऑमान यांच्यासोबत मिळालं. त्यांचा १९७१ चा लेख प्रसिद्ध आहे. पटावर दोन प्रकारची नाणी मांडायची. प्रत्येक नाण्याची अट साधी: शेजाऱ्यांत निदान तिसरा हिस्सा तरी माझ्यासारखे असावेत. नसतील तर ते नाणं जवळच्या मोकळ्या घरात जातं. कुणालाही दुसऱ्याचा द्वेष नाही. तरी काही फेऱ्यांत पटावर दोन वेगळ्या वस्त्या तयार होतात.

चादरवाला

इथं मात्र मी सहमत नाही सर. या नियमाने पूर्वभागाची गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल. आमची माणसं तेलंगणातून आली ती मागामुळे. ज्या घरात माग, त्याच घरात संसार. सूत रंगवणारा शेजारी लागतो, तागा नेणारा गल्लीत लागतो. पोट जिथं, वस्ती तिथं. आपल्यासारखे शेजारी मिळावेत म्हणून कुणी घर बदललं नाही. आणि कन्नड, तेलुगू, मराठी, उर्दू चारही भाषा एका चहाच्या टपरीवर ऐकू येतात आमच्याकडे. तुमच्या पटावर टपरी कुठाय?

समाजशास्त्र_निवृत्त

चादरवाला, हा आक्षेप मी माझ्या वर्गात मुलांना शिकवला असता. एकच चित्र अनेक नियमांतून निघू शकतं. शेलिंग यांनी 'असंही होऊ शकतं' एवढं दाखवलं, 'असंच झालं' हे कळायला पूर्वभागातल्या म्हाताऱ्यांशीच बोलावं लागतं. सिम्युलेशन करणाऱ्याने चित्र जुळलं म्हणून थांबू नये.

पंढरीची_वाट

जिल्ह्यातलाच म्हणून दोन शब्द. आषाढीला लाखो माणसं पंढरपुरात येतात. पालखी सोहळ्यात रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. दिंडीत पुढे पताका, मागे टाळकरी, मृदंग, वीणेकरी, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. अभंग सुरू असताना पाय तालात पडतात, त्यामुळे कुणी कुणाच्या टाचेवर येत नाही. हे मी चालताना अंगाने अनुभवलंय. दिंडीतल्या माणसाला कुठे वळायचं याचा विचारच करावा लागत नाही. वाट दिंडीची असते. संगणकात घालायचं तर ठिपका माणसाचा नको, दिंडीचा करा.

गावात शिरल्यावर मात्र दिंडी सुटते. दर्शनबारीत माणूस पुन्हा एकटा होतो. तिथला थकवा आणि तिथला रेटा वेगळा.

शेंगाचटणी

मी इथे नेहमी फक्त वाचते. आज लिहितेय कारण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही.

बाई गर्दीत पुरुषासारखी चालत नाही. जवळची वाट सोडून ती उजेडाची वाट घेते. दाट घोळका दिसला की वळसा घालते, मग पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. कोपर बाहेर काढून, पर्स पोटाशी धरून चालते. भिंतीची कड धरते म्हणजे निदान एक बाजू सुरक्षित. समोरून पोरांची टोळी आली तर उभी राहते, त्यांना जाऊ देते आणि मग निघते. दुसरी अनोळखी बाई दिसली की तिच्या मागे लागते. मी अशीच एकीच्या मागे चालत रंगभवनपर्यंत आले होते, आणि माझ्या मागे आणखी दोघी होत्या. एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये सगळे ठिपके जवळच्या दारातून बाहेर पडतात ना? अर्ध्या ठिपक्यांना ते दार चालत नाही.

आणि पोरांचं. यात्रेला निघताना मी मुलाच्या आतल्या खिशात घरचा नंबर लिहिलेला कागद घालून सेफ्टी पिन लावायची. चुकलास तर कुठे उभं राहायचं ते वाटेतच दाखवून ठेवायची.

अनामिक_जुळे_सोलापूर

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. मैत्रिणीच्या मागे नाही, अनोळखी बाईच्या मागे. मीही हेच करते.

डॉक्टरीणबाई

अगदी. याला प्रत्येक बाई मान हलवेल.

तळ्याकाठची

शेंगाचटणी ताई, मीही अशीच चालते आणि तरी ते कोडमध्ये घालावं असं सुचलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत म्हणून आता घालते. उजेड हा नकाशाचा एक थर होईल, आणि काही ठिपके अंतरापेक्षा त्याला जास्त किंमत देतील.

आतापर्यंतच्या उत्तरांवरून ढाचा असा बदलते आहे. ठिपके कुटुंबाने येतील. प्रत्येक कुटुंबात एक पुढचा, तो ठरावीक अंतराने आणि वळणावर थांबून मागे बघेल, एखादा मागे राहिला तर सगळे थांबतील. नंदीध्वजाचा शेंडा लांबून दिसेल. मैदान सोडताना प्रत्येक कुटुंबाला आपला उंबरठा. दाटी सहाच्या पुढे गेली की हे सगळे नियम बंद आणि फक्त रेटा.

आता शेंगाचटणी ताईंमुळे एक प्रश्न. कुटुंब फुटलं तर तुमचं भेटायचं ठिकाण कोणतं ठरलेलं असतं? गर्दी ओसरताना अशा जागी उलटी गर्दी साचत असणार.

बाळीवेस_बॉय

चार हुतात्मा पुतळा. आजोबांपासून तोच.

चादरवाला

आमचं कोंतम चौक. जो चुकला तो चालत कोंतम चौकात येणार, मग घरी.

अनामिक_जुळे_सोलापूर

गाडी जिथे लावली तिथे. म्हणून आमच्या घरी गाडी दरवर्षी एकाच गल्लीत लावतात.

पिक्सेल_पोरगा

आता सगळे मोबाईलवर फोन करतात की. ठिकाण कशाला?

काठीमागचा

पिक्सेल, दारूकाम सुटल्यावर मैदानातून फोन लावून बघ. सगळे एकाच वेळी लावतात, लागत नाही. आणि लागला तरी फोन कानाला लावून माणूस जागच्या जागी उभा राहतो, दुसरा हात दुसऱ्या कानावर. पाच वर्षांपूर्वीपेक्षा असे उभे राहणारे वाढलेत. तळ्याकाठची, हाही नियम घे: फोन आला की थांबतो.

पुण्यात_अडकलेला

मॉडेल खरं की खोटं हे तपासायला मोजमाप लागेल. चेहरे टिपायची गरज नाही, टिपूही नकोस. उंचावरून एका वाटेवर खुणा करून मिनिटाला किती माणसं खूण ओलांडतात एवढं मोजलं तरी पुरे. अर्धे आकडे नियम बसवायला वापर. उरलेले बाजूला ठेव आणि सगळं झाल्यावर त्यांच्याशी ताडून बघ. सगळेच आकडे वापरून जुळवलंस तर काही सिद्ध होत नाही.

समाजशास्त्र_निवृत्त

आणि मोजणाऱ्यांत बाया असू देत. कुठे उभं राहून मोजायचं हे त्यांना विचार.

शेंगाचटणी

मी येते. माझी भाचीही येईल.

तळ्याकाठची

ताई, खूप आनंद झाला. काठीमागचा काका, अक्षतेच्या दिवशी उंचावर उभं राहायला एखादी गच्ची मिळेल का? आणि त्याआधी वाटांची रुंदी मला नक्की हवी आहे. उपग्रहाच्या नकाशावरून काढलीय, पण खात्री वाटत नाही.

काठीमागचा

गच्चीचं बघतो, ओळखीचे आहेत. रुंदी नकाशावरून घेऊ नकोस. यात्रेत दुकानं चार-चार फूट पुढे येतात, त्यापुढे चपला काढणारे, त्यापुढे फुगेवाला. बारा फुटांची वाट सात फुटांची होते. दुकानं लागली की पहिल्याच दिवशी टेप घेऊन ये, एक टोक मी धरतो.